संगणकावर रंगवलेली तसबीर

शिराळ्याच्या आमच्या घरात माजघराच्या दारावर यंदा आईची तसबीर लागली. ती कुंचल्याची नव्हे, संगणकावर रंगवलेली. गावातल्याच एका तरुणाने ती केली आणि आधार काय, तर टपालाच्या तिकिटाएवढा एक जुना फोटो! तसबीर आली तेव्हा बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. मी मात्र गप्प राहिलो. आईच्या गालांवर देवीचे व्रण होते. तसबिरीतल्या बाईचे गाल लोण्यासारखे होते.

यंत्राला नावे ठेवणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचे नाही. मी मुद्दाम त्या तरुणाशेजारी दोन संध्याकाळी बसलो. पाटीवर लेखणी टेकवली की पडद्यावर रेघ उमटते, दाबली की जाड होते. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले; १९९४ साली त्यात थरांची सोय झाली. एका थरावर रेखाटन, दुसऱ्यावर त्वचा, तिसऱ्यावर सावल्या. नथ चुकली तर नथ तेवढी पुसावी, गालाला धक्का नाही.

सावळाराम हळदणकरांना ही मुभा नव्हती. निरांजन हाती घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे (पुष्कळजण ते रविवर्म्याचे समजतात!). बोटांतून झिरपणारा तो उजेड जलरंगातला आहे. तिथे एकदा बसलेला रंग सुखासुखी उठत नाही. त्या धास्तीने हात जपून पडतो. संगणकावर हात निर्धास्त असतो, आणि निर्धास्त हाताला घोटत बसण्याचा मोह फार. अर्थात गुळगुळीतपणाही नवा नव्हे. रघुवीर मुळगावकरांनी रंगाच्या फवाऱ्याने तो आपल्या दिवाळी अंकांवर आणलाच होता. पण त्यांच्या देवता होत्या, लावण्यवती होत्या. त्यांना देवी येत नाहीत.

दुसरी खोट रंगाची. हा तरुण फोटोतला रंग टिपून तोच गालाला लावतो. जुना फोटो पिवळा पडलेला. तेव्हा आईच्या अंगावर आला तो कागदाच्या म्हातारपणाचा रंग. समोर माणूस बसवून रंगवणाऱ्याला ही चूक होणे कठीण. डोळे मात्र त्याने साधले आहेत. डावा किंचित लहान होता, तो त्याने लहानच ठेवला. तिथे आई आहे.

शेवटी व्रणांचे विचारलेच. तो काही बोलला नाही. त्याने एक झाकलेला थर उघडला आणि गालांवर व्रण उमटले! फोटोत ते दिसत नव्हते. बहिणीनेच सांगून काढवले होते आणि पाहिल्यावर तिनेच झाकायला लावले होते. घरी येऊन तिला विचारले. ती म्हणाली, "दादा, फोटो काढताना आई पदर गालावर ओढून घ्यायची, आठवतं ना? मग आता तरी तिचं ऐकू दे की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. माजघरातली तसबीर तशीच आहे. व्रणांची एक लहान प्रत मी छापून घेतली. ती माझ्या टेबलाच्या खणात असते.