सतार नसलेलं गाणं

१९६५च्या सुरुवातीला 'द किंक्स' हा लंडनचा बँड ऑस्ट्रेलियाला जाताना वाटेत मुंबईत थांबला. पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचं गाणं रे डेव्हिसच्या कानी पडलं. जुलैअखेर 'सी माय फ्रेंड्स' ही रेकॉर्ड ब्रिटनमध्ये आली. ती पहिल्या दहात पोचली खरी, पण आधीच्या रेकॉर्डींचं यश तिला लाभलं नाही.

आपल्यासारख्यांना ती ऐकताना प्रथम तंबोराच आठवतो. प्रत्यक्षात तंबोरा नाही, सतारही नाही. निर्माता शेल टाल्मीने गिटारचा फीडबॅक घुमत ठेवून षड्ज धरावा तसा एक सूर धरला आहे. त्यावर डेव्हिसचा नाकातला, थकलेला आवाज. बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मधली सतार लोकांपुढे आली ती डिसेंबरात. तरी इतिहास बहुधा तिथूनच सुरू करतात!

समीक्षक या गाण्याला 'राग रॉक' म्हणतात. मला ते पटत नाही. वरळी-वेसाव्याची कोळीगीतं ऐकत वाढलेला माणूस त्यांत राग शोधत बसत नाही. डेव्हिसने उचलला तो राग नव्हे, कष्टकऱ्यांचा एकसुरी हेल. त्याची थोरली बहीण १९५७ साली गेली होती; तिचं दुःख या गाण्यात असल्याचं त्यानेच सांगितलं आहे. नदीपल्याडचे सोबती आणि अल्याड उरलेला एकटा माणूस, एवढंच त्यात आहे, आणि त्या हेलात ते फार खरं वाटतं. सतार घातली असती तर लक्ष वाद्याकडेच गेलं असतं.

मच्छीमारांचं ऋण डेव्हिसने मुलाखतींतून मोकळेपणी मान्य केलं. रेकॉर्डवर नाव मात्र त्याचं एकट्याचंच आहे.