विहारयात्रा की धम्मयात्रा?

बौद्ध देशांची मराठी प्रवासवर्णने वाचताना एक उणीव आम्हांस सतत जाणवते. लाओसच्या राजधानीविषयी, व्हिएन्तियानविषयी, 'शांत, निवांत नगर' एवढे लिहून लेखक मोकळा होतो. फा थात लुआंगचा सोनेरी स्तूप आणि मेकाँगकाठचा सूर्यास्त यांतच लेख संपतो.

अशा लेखनाचा निकष कोणता? आमच्या मते तो आपल्या दाराशीच आहे. फुलपाड्याहून काही किलोमीटरांवरील सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात, असे हा लेख सांगतो. येथे विहार म्हणजे भिक्खुनिवास नव्हे. मृगया व मनोविनोद होय. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक संबोधीस गेला आणि धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांची व वृद्धांची भेट, दान, जनपदातील लोकांशी संवाद, धम्माचा उपदेश व धम्मविषयक पृच्छा ही तिची अंगे होत. स्थळदर्शनापेक्षा येथे माणसांना महत्त्व आहे.

या निकषावर व्हिएन्तियान पुन्हा पाहावे. फा थात लुआंगमधील धातू अशोकाच्या धर्मदूतांनी आणल्याची परंपरा आहे; परंतु आजचा स्तूप सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिरात याने उभारला व पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. श्रद्धा व इतिहास यांतील हा भेद सांगणे लेखकाचे कर्तव्य ठरते. हो फ्रा केव ज्या मूर्तीसाठी बांधले, ती अठराव्या शतकात सयामी सैन्याने नेली. आज ती बँकॉकमध्ये आहे. १८२७-२८ मध्ये त्याच बौद्ध सयामने हे नगर उद्ध्वस्त केले. वात सिसाकेत तेवढे वाचले. मूर्तीला वंदन करणारे राजे अहिंसेपासून इतके दूर का गेले? ही खरी पृच्छा होय. 'निवांत नगर' या शब्दांखाली ती गाडली जाते.

पूज्य बाबासाहेब १९५० मध्ये कोलंबोस व १९५४ मध्ये रंगूनला बौद्ध परिषदांसाठी गेले, ते धम्माच्या पुनरुज्जीवनाचा विचार घेऊन. उदानातील बाहिय दारुचीरिय याच सुप्पारकाहून श्रावस्तीस गेला, तोही नगर पाहण्यासाठी नव्हे; भगवंतांना प्रश्न विचारण्यासाठी.

परदेशी जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. सोपाऱ्याचा स्तूप आधी पाहावा, आठवा शिलालेख समजून घ्यावा आणि मग निघावे. म्हणजे यात्रेला प्रश्न लाभेल आणि लेखनाला आशय.