‘लोक’ नावाचे पात्र

‘लोक काय म्हणतील?’ हे शब्द मराठी घरातल्या मुलीला कोणी मुद्दाम शिकवावे लागत नाहीत. बाराखडीच्या आधीच ते तिच्या कानी पडलेले असतात. म्हणून याच नावाचा एक चित्रपट नॉर्वेसारख्या बर्फाळ मुलखात, नॉर्वेजियन भाषेत निघाला आहे असे कळले तेव्हा मला आधी हसू आले, आणि मग तो पाहिल्याशिवाय राहवेना. दिग्दर्शिका इराम हक, साल 2017. याच बाईंना चौदाव्या वर्षी त्यांच्या आईबापांनी ऑस्लोहून उचलून पाकिस्तानात नेऊन ठेवले होते. दीड वर्ष त्या तिथे होत्या.

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे एखाद्या वहिनी म्हणतीलही. पण माहेरवाशिणी घरी येतात त्या दिवाळीलाच ना? परत येण्याला ज्यांना घरच उरले नाही अशा मुलींची ही गोष्ट आहे, तेव्हा ती याच दिवसांत वाचली तर काही बिघडत नाही.

कथा साधी आहे. निशा सोळा वर्षांची. घरात पंजाबी-उर्दू, दाराबाहेर नॉर्वेजियन. दोन्हीकडे ती सराईत. एके रात्री तिच्या खोलीत बापाला एक गोरा मुलगा सापडतो. हाणामारी होते, बालकल्याण खात्याचे लोक येतात. मग समाजातली जाणती मंडळी बापाच्या घरी बसून त्याला सल्ला देतात, आणि बाप व भाऊ मिळून मुलीला पाकिस्तानात नातलगांकडे सोडून येतात. तिथेही तिच्या हातून ‘चूक’ घडते. तिला परत आणताना वाटेत बाप एका कड्यापाशी मोटार थांबवतो आणि तिला म्हणतो, उडी टाक.

या कड्यावरच्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला. बाप मिर्झा याचे काम आपल्या आसामच्या आदिल हुसेन यांनी केले आहे. हा बाप राक्षस नाही. मुलीवर त्याचा जीव आहे. रात्री उठून मुले अंथरुणात आहेत ना हे पाहणारा तो माणूस आहे. उडी टाक म्हणताना तो स्वतःच रडत असतो. असा प्रसंग लिहिताना लेखकाची दोन्हीकडून कोंडी होते. बापाला खलनायक केले तर गोष्ट खोटी पडते, कारण खलनायकाच्या घरात या मुली पळून जायला इतका उशीर करत नाहीत. आणि त्याचे अश्रू फार वेळ दाखवले तर वाचक त्याच्याच खांद्यावर हात ठेवतो, कड्याच्या टोकावर उभी असलेली पोर बाजूला राहते. कादंबरी लिहिणारी बाई म्हणून सांगते, हा तोल साधणे महाकठीण. हकबाईंनी तो साधला आहे, कारण त्या प्रसंगात कॅमेरा मुलीची भीती सोडत नाही. वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांचा त्यांच्याशी समेट झाला होता, हे कळल्यावर मला त्या प्रसंगाचे आणखीच आश्चर्य वाटले.

मात्र या चित्रपटातले खरे मुख्य पात्र पडद्यावर फारसे दिसतच नाही. ते म्हणजे ‘लोक’. आपल्याकडे लोकापवाद हा शब्द उत्तरकांडाइतका जुना आहे, आणि एका परिटाच्या बोलण्याने राजाराणीचा संसार मोडला ही कथा आपण मान डोलावून ऐकत आलो. परदेशात गेल्यावर हे लोक तरी मागे सुटावेत! पण होते उलटेच. नॉर्वेतले पाकिस्तानी बहुतेक पंजाबातल्या खारियां-गुजरात या भागातून 1970 च्या सुमारास गेले. ब्रिटनमधले पुष्कळ मीरपूरचे. तिथे 1960 च्या दशकात मंगला धरण झाले, लाखभर माणसे उठवली गेली, त्यांतली कित्येक ब्रॅडफर्डसारख्या गावांच्या कापड गिरण्यांत लागली. ही माणसे निघाली तेव्हाचे गाव त्यांनी मनात तसेच जपून ठेवले. मागे राहिलेले गाव बदलले असेल. मनातले बदलले नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी या चित्रपटात हवी होती आणि नाही. नॉर्वेने 1975 साली नोकरीसाठी येणाऱ्या परक्यांना दार बंद केले. इतर देशांनीही थोड्याफार फरकाने तेच केले. मग आत यायला मोठी वाट उरली ती लग्नाची. गावाकडच्या भावाचा मुलगा इकडे आणायचा तर त्याच्याशी आपली मुलगी लावून द्यायची. मुलीचा हात म्हणजे व्हिसा! ती ‘नाही’ म्हणाली की अब्रू जातेच, पण भावाला दिलेला शब्दही मोडतो, आणि तो शब्द कधीकधी कर्जासारखा असतो. हकबाईंनी अब्रू दाखवली, हा हिशेब दाखवला नाही. शेवटी निशासाठी येणारे स्थळ तर कॅनडातले आहे. त्यामुळे नॉर्वेजियन प्रेक्षकाला हे सगळे ‘त्यांच्या’ रक्तातलेच आहे असे वाटायला मोकळीक राहते. त्या देशांत परक्यांना हाकलून द्या म्हणणारे पक्ष टपलेलेच आहेत. त्यांच्या हाती फुकटचे कोलीत कशाला द्यावे?

हे एकाच धर्माचे दुखणे नाही, हेही तिथे दिसले असते तर बरे झाले असते. इंग्लंडमधल्या डर्बी गावच्या जसविंदर संघेरा शीख घरातल्या. ठरवलेले लग्न नाकारून सोळाव्या वर्षी घर सोडले, ते कायमचे परके झाले. त्यांच्या एका बहिणीने संसारातल्या छळाला कंटाळून स्वतःला जाळून घेतले. पुढे 1993 साली जसविंदर यांनी अशा मुलींसाठी ‘कर्म निर्वाण’ ही संस्था काढली. या संस्थेने 2013 साली मुलींना एक युक्ती सांगितली होती: तुम्हाला बळेच परदेशी नेत असतील तर अंतर्वस्त्रात एक चमचा लपवा; विमानतळावरचे यंत्र वाजेल, तुम्हाला बाजूला घेतील, तेवढ्या एकांतात सांगून टाका. मी शाळेत शिकवते. सुट्टीनंतरच्या पहिल्या हजेरीला एखाद्या मुलीचे नाव पुकारले आणि उत्तर आले नाही की मला काय वाटते ते मलाच ठाऊक. तिकडेही या मुली नाहीशा होतात त्या बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीत. एका चमच्यावर आयुष्य टांगलेले असावे, हे मला कोणत्याही कल्पित कथेपेक्षा भयंकर वाटले.

कायदे झाले. इंग्लंडात 2014 साली बळजबरीचे लग्न हा गुन्हा ठरला, 2023 पासून लग्नाचे वय अठरा झाले. पण सांगून टाकणेही पुरत नाही. फादिमे शाहिंदाल ही तुर्कस्तानातून आलेल्या कुर्द घराण्यातली मुलगी नोव्हेंबर 2001 मध्ये स्वीडनच्या संसदेत उभी राहून आपल्यासारख्या मुलींबद्दल बोलली. दोनच महिन्यांनी, जानेवारी 2002 मध्ये, आई-बहिणींचा निरोप घ्यायला गेलेली असताना बापाने तिला गोळी घातली. साऱ्या देशाने ऐकले होते, तरीही.

चित्रपटाचा दुसरा उणेपणा आईचा. निशाची आई फक्त ओरडते, रागावते, तोंड फिरवते. ही बाई अशी का झाली? याचे उत्तर मला नदीम अस्लम यांच्या ‘मॅप्स फॉर लॉस्ट लव्हर्स’ (2004) या कादंबरीत सापडले. माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन महिने ही कादंबरी वाचली. लेखकाने ती लिहायला अकरा वर्षांवर घालवली, तेव्हा माझ्या दोन महिन्यांचे काय! इंग्लंडातले एक गाव. तिथे येऊन राहिलेल्यांनी त्याला दश्त-ए-तनहाई, म्हणजे एकांताचे वाळवंट, असे नाव ठेवले आहे. जुगनू आणि चंदा लग्नावाचून एकत्र राहतात, कारण चंदाचा नवरा परागंदा आहे आणि तलाकावाचून पुन्हा निकाह नाही. एके दिवशी दोघेही नाहीसे होतात. चंदाच्या भावांनी त्यांना मारले आहे.

पण कादंबरी खरी आहे ती कौकबची, जुगनूच्या भावजयीची. मौलवीची मुलगी, इंग्रजी जेमतेम, घराबाहेर पाऊल टाकायला भिणारी. मुले एकेक करून दूर गेलेली. धर्म आणि स्वयंपाकघर एवढेच तिचे राज्य, आणि त्या राज्यात ती निष्ठुर आहे. तिचा राग येतो, आणि त्याच पानावर तिच्यासाठी जीव तुटतो. तिची पोरे तिला दोष देतात तेव्हा ती बरोबर नसते, पण तिचे दुःख खोटे नसते. हकबाईंनी आईला अशी चार मिनिटे जरी दिली असती! अस्लम यांची भाषा मात्र फार नटवी. प्रत्येक फुलपाखराला आणि फळाला उपमा हवीच. काही पाने मी चक्क उलटली.

शेवटाबद्दल मतभेद होतील. निशा खिडकीतून उतरून बर्फात धावते. बाप वरून पाहतो, आणि तिला थांबवत नाही. काहींना हा गोडवा वाटला. मला वाटला नाही. आपल्या ‘सैराट’मध्ये (2016) आर्ची आणि परश्या हैदराबादेत जाऊन, परक्या भाषेत, नवे घर मांडतात. तिथे भाऊ येतो तो माहेरच्या भेटवस्तू घेऊन, आणि आपण त्या पिशव्यांकडे पाहूनच गारठतो. नागराज मंजुळे यांनी तो शेवट केला कारण आपल्याकडे तसे घडते; हकबाईंनी हा केला कारण त्या जिवंत राहिल्या. दोन्ही आपापल्या जागी खरे.

पण या भावाचे काय? नॉर्वेतल्या गोष्टीत बहिणीला नेताना तो बापाच्या बरोबर असतो, अस्लम यांच्या कादंबरीत तोच मारेकरी, आपल्या गोष्टीत पिशव्या घेऊन येणाराही तोच. विशीतला पोरगा, बहिणीबरोबर एका ताटात जेवलेला. त्याच्या मनात शिरायला लेखक कचरतात. एलिफ शफाक यांनी ते धाडस केले. लंडनमध्ये आईवर सुरा उगारणारा त्यांचा इस्कंदर हा मुलगाच कादंबरीच्या मध्यभागी आहे. इंग्रजीत ती 2012 साली ‘ऑनर’ नावाने आली. तुर्कीत त्याआधी ती ‘इस्कंदर’ याच नावाने निघाली होती, आणि तिच्या मुखपृष्ठावर शफाकबाई स्वतः पुरुषाच्या वेषात उभ्या आहेत.