निरीक्षणाच्या रकान्यातील मराठी

आमच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले, की त्यांच्या वह्या माझ्या गळ्यात पडतात. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने प्रयोगवह्या तपासाव्यात, हे तसे हास्यास्पदच. त्यातून मी मॅट्रिकच्या पुढे गेलेला नाही. अशाच एका पावसाळ्यात एका मुलाच्या वहीत ‘पाणी ९९ अंशांना उकळले’ असे वाक्य आले आणि मी तांबड्या शाईने त्याचे १०० केले. पुढे कळले, की नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. येथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी एखादा अंश आधीच उकळते. बाकी सर्वांनी पुस्तकातले १०० उतरवले होते. ज्याने तापमापक पाहिला, त्याचेच गुण मी कापले!

तेव्हापासून शास्त्रीय मराठीची चर्चा वाचताना परिभाषेचा वाद मला कंटाळवाणा वाटू लागला आहे. आमच्या नागपुरास हा वाद नवा नाही. हे शहर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते, त्या काळात डॉ. रघुवीर यांनी येथे राहून संस्कृत धातूंपासून शास्त्रीय शब्दांचे भांडार उभे केले. कार्बन डायऑक्साइडला त्यांनी ‘प्रांगार द्विजारेय’ म्हटले. या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली. त्यामागची विद्वत्ता थट्टेहून फार मोठी होती, हेही सांगितले पाहिजे. पण नाव कोणतेही घ्या, चुन्याची निवळी दुधाळ झाली ती किती वेळाने, आणि ती पाहिली कोणी, हे सांगणारे वाक्य कोशात मिळत नाही.

आमच्या वह्यांतले वाक्य असते ते असे : ‘यावरून सिद्ध होते की...’ उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, असे रकाने. त्यातले अनुमान पुष्कळदा आदल्या दिवशीच शिकवणीत लिहून झालेले! वाचकहो, फराळ करता करता घरातल्या मुलाची प्रयोगवही एकदा मागून पाहाच. हीच मुले मराठीच्या तासाला पावसाळ्यावर निबंध लिहितात, तेव्हा धरणीमाता हिरवा शालू नेसते. दोन्ही वेळी मूल खिडकीबाहेर बघतच नाही. आणि तो शालू मीच फळ्यावर लिहून दिलेला असतो.

परदेशातही हा प्रश्न आहे. चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीतून शास्त्रीय लेखन शिकविणारे शिक्षक तक्रार करतात, की ही मुले मुद्द्यावर वळसे घेत येतात. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ साली चक्क आकृत्या काढल्या : इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत, पौर्वात्य परिच्छेद घिरट्या घालीत. पुढे त्यावर टीका झाली, ती योग्यच. ‘तुमची भाषाच वाकडी’ म्हटले, की शिक्षकाची जबाबदारी संपते. माझ्या मुलांची अडचण वळशाची नाहीच. स्वतः पाहिलेले लिहिण्याची परवानगी आहे, हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मराठी भाषा येथे उणी पडत नाही, याचा पुरावा विदर्भाच्या जंगलातच आहे. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांनी वर्षे काढली, पक्ष्यांची नावे आदिवासींकडून गोळा केली, त्यांतूनच पुढे ‘पक्षिकोश’ झाला. बगळ्यांच्या घरट्यांच्या वसाहतीला त्यांनी ‘सारंगागार’ म्हटले. हा शब्दही संस्कृत वळणाचाच आहे. तरी तो कानाला बोचत नाही, कारण त्याच्या मागे झाड आहे, विष्ठेचा वास आहे, पिलांचा कलकलाट आहे. त्यांचे गद्य कधी कधी फार हळवे होते, हे मी लपवीत नाही. पण ते आधी पाहतात आणि मग हळवे होतात. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. शाळेच्या वाचनालयातून त्यांचे पुस्तक नेणारे मूल क्वचितच दिसते. निबंधमालांच्या मात्र पाठी फाटलेल्या असतात.

यंदा मास्तर पुन्हा रजेवर गेले तेव्हा मी वर्गाला एकच नियम घातला : निरीक्षणाच्या रकान्यात ‘मी’ हा शब्द आलाच पाहिजे. एका मुलीने लिहिले, ‘वाफेमुळे मला तापमापक नीट दिसला नाही. ९८ की ९९, नक्की सांगता येत नाही.’ मी पूर्ण गुण दिले. मास्तर परत आले आणि त्यांनी त्यातला एक कापला.