साचा आणि सामान्यरूप : मराठी विकिपीडियातील साच्यांची चिकित्सा

मराठी विकिपीडियाला १ मे २००३ रोजी प्रारंभ झाला. त्यावरील लेखांची भाषा, संदर्भांची विश्वसनीयता, विषयांची निवड यांविषयी चर्चा होत आली आहे. परंतु ज्या साच्यांतून त्या लेखांचा बराच भाग घडतो, ते साचे समीक्षकाच्या दृष्टीतून निसटतात. साचा हे तंत्रज्ञाचे काम, भाषेच्या अभ्यासकाला त्यात पाहण्याजोगे काही नाही, असा समज त्यामागे असावा. तो समज टिकणारा नाही.

साच्याची रचना मुळात अवघड नाही. लेखात दुहेरी महिरपी कंसांत साच्याचे नाव लिहिले की त्या जागी साच्यातील मजकूर अवतरतो. साच्याच्या आत तिहेरी महिरपी कंसांत दिलेली नावे म्हणजे रिकाम्या जागा होत. प्रत्येक लेख त्या आपापल्या तपशिलाने भरतो. नावापुढे उभी रेघ देऊन जे लिहावे ते, तपशील न मिळाल्यास, आपोआप वापरले जाते. गावांच्या वा व्यक्तींच्या लेखांच्या बाजूला दिसणाऱ्या माहितीचौकटी अशाच बनतात. साच्यांना स्वतंत्र नामविश्व २००४ साली मिळाले. २०१३ पासून लुआ या संगणकीय भाषेतील आज्ञावलीही त्यांच्या पाठीशी आली. साच्यात एक शब्द बदलला की तो वापरणारी सर्व पाने कालांतराने बदलतात. म्हणून जाणता संपादक प्रथम 'येथे काय जोडले आहे' हे पाहतो आणि बदल धूळपाटीवर करून पाहतो. (धूळपाटी हा जुन्या पंतोजींच्या शाळेतील शब्द येथे पुन्हा रुळला, ही मराठी संपादकांची भाषिक सूज्ञताच म्हटली पाहिजे.)

ठरीव मजकूर आणि त्यात भरावयाच्या जागा ही कल्पना मराठीला नवी नाही. हेमाद्रीच्या नावाशी परंपरेने जोडलेले 'मेस्तक' आणि पुढील काळातील मोडी पत्रांचे मायने यांत तीच आहे. भेद इतकाच की मायना लिहिणारा कारकून समोरच्या नावाचा मान, लिंग व विभक्ती पाहून शब्द फिरवीत असे. साचा फिरवीत नाही. खरी अडचण येथूनच सुरू होते.

इंग्रजीत रिकाम्या जागेत कोणतेही ग्रामनाम घातले तरी त्याचे रूप पालटत नाही. संबंध दाखविणारा शब्द त्याच्या आधी स्वतंत्र उभा असतो. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो आणि चिकटण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप मागतो. समजा, एखाद्या साच्यात रिकाम्या जागेपुढे 'च्या पूर्वेस' असे लिहिले आहे. नागपूर जिल्ह्यातील तालुक्यांची नावे त्यात घातली तर कामठी, काटोल, सावनेर, उमरेड, कुही निर्वेध पार पडतात. पण हिंगणा व मौदा येताच 'हिंगणाच्या', 'मौदाच्या' अशी अशुद्ध रूपे पानावर उमटतात. 'च्या' ऐवजी 'तील' ठेवला तर कामठी व कुही तरतात आणि काटोल, सावनेर अडतात, कारण तेथे 'काटोलातील', 'सावनेरातील' असा आकार मध्ये हवा. खुद्द नागपूरचे तर 'नागपुरातील' होताना दीर्घ ऊकारही ऱ्हस्व होतो. एकही प्रत्यय असा नाही की जो चौदाही तालुक्यांना सारखाच मानवेल.

यावर साचेकारांनी शोधलेली वाट म्हणजे 'येथील' किंवा 'जिल्ह्यातील' असा शब्द मध्ये घालणे. 'भंडारा जिल्ह्यातील' ही रचना मराठीच्या प्रकृतीला धरून आहे. तिला दोष देण्याचे कारण नाही. परंतु शेकडो लेखांत एकच 'येथील' वाचताना भाषा अडखळल्यासारखी वाटते, आणि 'वर्धामध्ये' यासारखे प्रयोग तर सरळ चूक आहेत. एका लेखकाची अशी चूक एका पानापुरती असते. साच्यातली चूक त्याच्या सर्व पानांवर पसरते आणि नव्या वाचकाला प्रमाण रूप वाटू लागते.

अंकांचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. क्रमाने भरावयाची पहिली जागा साच्यात देवनागरी १ ने दर्शविली तर यंत्र तिला क्रमांक न मानता नाव समजते आणि जागा रिकामीच राहते. नवशिक्याचे तास यात जातात, पण भाषेचे काही बिघडत नाही.

सामान्यरूपासाठी स्वतंत्र जागा ठेवून, ती न भरल्यास मूळ नाव घ्यावे, हा उपाय सुचतो. तो उपयुक्त आहे, पण लेख लिहिणाऱ्याने जागा भरली नाही तर जुनीच चूक परतते. म्हणून रूपे आज्ञावलीनेच बनवावीत असे कोणी म्हणेल. फिनिश व रशियन भाषांसाठी विकिपीडियाच्या मूळ प्रणालीत विभक्तिरूपे साधण्याची सोय आहे, हे त्या मताला बळ देते. मात्र मराठीत केवळ शेवटचा स्वर पाहून नियम बांधता येत नाही. भंडाऱ्यात होते, तसे गोंदियाचे होत नाही. तेथे 'गोंदियात' एवढेच. आणि वर्धा हे नाव तर नियमकर्त्याची परीक्षाच पाहते. शहर असेल तर 'वर्ध्याच्या', नदी असेल तर 'वर्धेच्या'. अक्षरे तीच, सामान्यरूपे दोन. कोणते घ्यावे हे नामाच्या लिंगावरून, म्हणजे अखेर अर्थावरून ठरते. तेव्हा साच्याला नावाबरोबर ते नाव कशाचे आहे, हेही सांगावे लागेल. विदर्भातील ग्रामनामे, नद्या व डोंगर यांची लिंग आणि सामान्यरूप नोंदविणारी यादी ही त्याची पहिली पायरी होय. ती करण्यासाठी संगणकशास्त्राची नव्हे, मराठी व्याकरणाची आणि स्थानिक बोलीच्या कानाची गरज आहे.