‘बीट सेबर’: सुधारित आवृत्त्या आणि नृत्याचा अवकाश

प्राग येथील बीट गेम्सने मे २०१८ मध्ये आणलेल्या ‘बीट सेबर’ या आभासी वास्तवातील खेळात समोरून येणारे ठोकळे तालावर, बाणाच्या दिशेने छेदायचे असत. दोन छेदांमधला हाताचा प्रवास खेळाडूचा स्वतःचा होता. नृत्य असलेच तर ते तेथेच होते. २०१९ च्या अखेरीस ३६० अंशांची रचना आली आणि देह वळू लागला (संगणकाला वायरीने जोडलेल्या खेळाडूची गिरकी अर्थात अडखळतीच!). २०२२ मध्ये ठोकळ्यांना जोडणाऱ्या कमानींनी मात्र तो मधला प्रवासच रेखून दिला. कमान न गिरवल्यास गुण कापले जात नाहीत, म्हणून ती सक्ती नव्हे. तरीही डोळ्यांपुढची रेषा हाताला बांधतेच. या साऱ्या आवृत्त्यांत नोंद होते ती मस्तक व दोन हातांची. पदन्यासाला गुणदानात स्थान मिळालेले नाही.