किल्ली, रोजनिशी आणि निषेध : इटालियन शृंगारपटाच्या उत्तरकाळाविषयी

इटालियन शृंगारपटाच्या ऱ्हासाची मीमांसा बहुधा प्रेक्षकसंख्येच्या अंगाने केली जाते. १९७६ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने स्थानिक खासगी प्रक्षेपणाला मुभा दिली; १९७५ मध्ये पन्नास कोटींहून अधिक असलेली तिकीटविक्री दहा वर्षांत सुमारे बारा कोटींवर आली; नग्नतेचे दर्शन घरबसल्या सुलभ झाले. ही कारणे खरी आहेत. परंतु त्यांतून चित्रपटगृहे का ओस पडली एवढेच कळते. चित्रपटांचा रूपबंध का खिळखिळा झाला, हे कळत नाही. निषेध हे या चित्रपटप्रकारावरील केवळ बाह्य संकट नव्हते, ते त्याच्या रचनेचे अंगभूत तत्त्वही होते.

तिंतो ब्रास यांच्या दोन चित्रपटांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. 'ला कियावे' (१९८३) म्हणजे 'किल्ली', हा तानिझाकी यांच्या 'कागी' (१९५६) या जपानी कादंबरीवर बेतलेला आहे. ब्रास यांनी ती कथा फॅसिस्ट अमलाखालील १९४० च्या व्हेनिसमध्ये नेली. प्रौढ पती आपली रोजनिशी कुलपात ठेवतो आणि किल्ली पत्नीच्या हाती लागेल अशी व्यवस्था करतो. पत्नी तेरेसा ती वाचते आणि स्वतःही रोजनिशी लिहू लागते. वासना येथे उघड बोलली जात नाही. ती लिहिली जाते आणि चोरून वाचली जाते. दोघांनाही सारे ठाऊक असते, पण ठाऊक नसल्याचा देखावा सांभाळावा लागतो. बाहेरच्या राजवटीतही असाच देखावा चालू असतो. त्यामुळे देह उघडे असूनही शृंगार व्यंग्य राहतो. शिवाय तेरेसा लिहिती असल्यामुळे, कॅमेऱ्याने कितीही प्रयत्न केला तरी, ती केवळ दृश्यवस्तू ठरत नाही.

'सेन्सो '४५' (२००२) हा चित्रपट कामिल्लो बोइतो यांच्या १८८३ मधील कथेवर आधारलेला आहे. तीही नायिकेची गुप्त वही म्हणूनच रचलेली आहे. व्हिस्कोंती यांच्या १९५४ च्या 'सेन्सो'त नायिका स्वातंत्र्यसैनिकांसाठी सोपवलेला पैसा ऑस्ट्रियन प्रियकराला देते. वासनेची किंमत राष्ट्रकार्याला मोजावी लागते. ही भर बोइतो यांची नव्हे. ती वगळून मूळ कथेतील थंड आत्मलोलुपतेकडे परतण्याची ब्रास यांची भूमिका तत्त्वतः समर्थनीय आहे. परंतु बोइतो यांच्या कथेत निवेदिका जे कबूल करत नाही, ते वाचकाला तिच्याच शब्दांतून उमगते. चित्रपटात कॅमेरा सर्वच दाखवतो आणि ही फट बुजते. नाझी गणवेश आणि कोसळती राजवट यांची केवळ नेपथ्यरचना होते. व्यंजनेची जागा अभिधा घेते.

याचा अर्थ सेन्सॉरशिप हितकारक होती असा नव्हे. बेर्तोलुच्ची यांच्या १९७२ च्या 'लास्ट टँगो इन पॅरिस'च्या प्रती नष्ट करण्याचा आदेश १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि दिग्दर्शकाचा मतदानाचा हक्क पाच वर्षांसाठी काढून घेतला; चित्रपटाला मुक्ती मिळाली ती १९८७ मध्ये. शासनाचा निषेध आणि कलाकृतीतील निषेध यांत भेद करणे म्हणूनच अगत्याचे आहे. चित्रपटांवर संपूर्ण बंदी घालण्याचा अधिकार इटालियन शासनाने २०२१ मध्ये सोडला, हे योग्यच झाले. मात्र बाहेरचा अडसर दूर झाल्यावर पात्रांच्या परस्परसंबंधांतून नवा अडसर घडवण्याची जबाबदारी दिग्दर्शकावर येते. 'ला कियावे'त ती पेलली गेली होती. उत्तरकाळात तिची जाणीवच क्षीण झाली.